मोळी आणि कुऱ्हाड
(यवतमाळ जिल्ह्यातल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी विद्वान नाही. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या गोदीत लागलो. ओंडक्यांना साखळदंड लावायचा, क्रेनवाल्याला हात करायचा, बाजूला व्हायचं. रात्री कविता लिहितो. सागाचा ओंडका डोक्यावरून झुलत गेला की मला माझी माय आठवते. ती पांढरकवड्याकडची.

मी सात वर्षांचा होतो. माय वाळल्या काटक्यांची मोळी घेऊन उतरत होती. एका खाकीवाल्यानं अडवलं. मोळी घेतली, कुऱ्हाडही घेतली. माय म्हणाली, ‘‘मोळी ठेवा बाप्पा, पन कुराड द्या. कुराड शेजारणीची हाय.’’ दिली नाही. कुऱ्हाड फेडायला माय चार दिवस दुसऱ्याच्या वावरात निंदत होती. त्याच वाटेनं सागाचे ट्रक भरून जात होते. चोर कोण ठरलं? मोळीवाली.

आता इतिहासाकडे बघा. जुलै १९३० मध्ये याच जिल्ह्यात, पुसदला, बापूजी अण्यांनी जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापलं, तुरुंगात गेले. हे पुस्तकात आहे. पण त्याच साली, याच मध्यप्रांत-वऱ्हाडात, शिवनीकडच्या तुरिया गावी ९ ऑक्टोबरला पोलिसांनी गोळ्या घातल्या. चार जण मेले. त्यातल्या तीन आदिवासी बाया : मुड्डोबाई, रैनोबाई, देभोबाई. चौथा बिरजू. ही नावं आपल्यापैकी किती जणांनी ऐकलीत? हात वर करा. बघा!

अहिंसा म्हटलं की आपल्या पोरांच्या कपाळाला आठी पडते. माझ्याही पडायची. वाटायचं, मार खाणाऱ्यालाच हे शिकवतात, मारणाऱ्याला नाही. पण १९२७ साली महाडला आपल्या माणसांची डोकी फुटली, तेव्हा हात उगारायला निघालेल्यांना बाबासाहेबांनी आवरलं. ती भीती नव्हती. लढा आपल्या हातात ठेवायची ती अक्कल होती. १९३० मध्येच काळाराम मंदिरापुढे आपल्या शेकडो बाया सत्याग्रहाला बसल्या. तेव्हा हे हत्यार उसनं नाही. शेजारणीच्या कुऱ्हाडीसारखं तर नाहीच.

आता लांबची गोष्ट. २६ मार्च १९७४. हिमालयातलं रैणी गाव. अडीच हजारांच्या आसपास झाडं ठेकेदाराला विकलेली. गावातले पुरुष जमिनीच्या नुकसानभरपाईसाठी चमोलीला बोलावलेले. मैदान मोकळं आहे, असं ठेकेदाराला वाटलं. गौरादेवी नावाची एक भोटिया विधवा, शाळेचं तोंड न पाहिलेली, सत्तावीस बाया-पोरी घेऊन जंगलात शिरली. समोर बंदूक आली. बाई हलली नाही. म्हणाली, हे जंगल आमचं माहेर आहे. रात्रभर बायांनी पहारा दिला. मजूर परत गेले. पुढं सरकारला समिती नेमावी लागली आणि त्या भागात दहा वर्षं तोड बंद झाली.

पण मित्रहो, मी त्या जंगलात कुठं असतो? मी तर कुऱ्हाड घेऊन आलेल्या मजुरांत असतो! रोजावर आणलेला, घरी चूल थंड असलेला. गौरादेवी आधी त्या मजुरांशीच बोलली, भाऊ म्हणून बोलली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ठेकेदार एकटा एक झाड पाडू शकत नाही. त्याला आपले हात लागतात. हातांना कळलं की कुऱ्हाड थांबते. गोदीतला माणूस हे चांगलं जाणतो. हात थांबले की जहाज उभं राहतं.

गोष्ट इथंच संपवली तर मी लबाड. १९८२ साली त्याच भागात नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालं आणि आतलं कुरण आसपासच्या गावांना बंद झालं. झाड वाचलं, माणूस बाहेर! १९९८ मध्ये त्याच लोकांना आपल्याच रानात शिरण्यासाठी पुन्हा लढावं लागलं. म्हणून नुसतं ‘झाडं वाचवा’ म्हणणाऱ्यांच्या मागं मी डोळे मिटून जाणार नाही. झाड कुणासाठी वाचवायचं, राखणार कोण, हे आधी ठरवा.

त्यासाठी कायदा आहे. २००६ चा वनहक्क कायदा. त्यात जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. नवराबायको असतील तर पट्टा दोघांच्या नावे. २०१२ च्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे लोक हवेत आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया. कोलामाच्या, गोंडाच्या, आंधाच्या पोडावर हे जाऊन सांगा.

आणि आपलं? आपण आदिवासी नाही, म्हणून आपल्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची, वहिवाट दाखवावी लागते. ज्यांच्या आज्याचं नावच कुणी कागदावर धड लिहिलं नाही, त्यांच्याकडे कागद मागतात! पण नियमांत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरला आहे. तेव्हा वही-पेन्सिल घ्या आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांपाशी बसा. मोहफूल कुठं वेचलं, ढोरं कुठं चारली, कोणत्या नाल्यावर मढं पुरलं, सगळं लिहा. ही कविताच आहे. मी लिहितो त्यापेक्षा चांगली.

शेवटचं, आणि हे तुम्हाला झोंबेल. सकाळपासून या मांडवात क्रांतीवर सहा भाषणं झाली. सहाही पुरुषांची. बाया कुठं आहेत? मागं, चुलीपाशी. त्या चुलीत जळतंय ते सरपण कुणी आणलं, विचारलंत?

मी माझं भाषण इथं थांबवतो. उरलेला वेळ त्यांचा. भाकऱ्या आपण थापू.

जय भीम.