परमार्थ, प्रपंच आणि उद्योग

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हास जो विषय नेमून दिला, त्यात धर्म, कुटुंब आणि काम हे तीन शब्द आहेत व या तिहींत आधी कोणते मानावे हे तरुणांना सांगावे, अशी त्यांची आज्ञा आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म प्राथमिक शाळेतील मुलांना पाढे शिकविण्यात गेलेला. तेव्हा शास्त्रार्थ सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु विषयपत्रिका वाचताना एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या लहानपणी वडीलमाणसे ‘आमचे कुटुंब’ म्हणत, तेव्हा त्यांचा अर्थ घरातील सर्व माणसे असा नसे. त्यांचा अर्थ बायको असा असे. नाव उच्चारावयाचे नाही म्हणून हा शब्द. आता तो अर्थ मागे पडला. पण आज आम्ही जे बोलणार आहो, ते त्या जुन्या अर्थाला धरूनच आहे.

आपण खानदेशचे लोक मुलांपुढे आदर्श ठेवतो ते कोणाचे? धुळ्यास इतिहासाचार्य राजवाडे होऊन गेले. जुनी दप्तरे धुंडाळीत त्यांनी सारा महाराष्ट्र पायी पालथा घातला, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड सिद्ध केले आणि १९२६ साली धुळ्यासच देह ठेविला. अमळनेरास साने गुरुजी होते. १९२४ पासून सहा वर्षे प्रताप हायस्कुलात आणि छात्रालयात त्यांनी मुलांची सेवा केली व १९३० साली नोकरीवर पाणी सोडून ते सत्याग्रहात गेले. आणि धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवारी, गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली म्हणून आज ती ‘गीता-प्रवचने’ आपल्या घरोघरी आहेत. कर्मात मन ओतले म्हणजे कर्माचा भार वाटेनासा होतो, हा त्या प्रवचनांतील विचार आम्ही शाळेत फळ्यावर लिहून ठेवीत असू.

ही तिन्ही माणसे वंदनीय आहेत. परंतु एक गोष्ट पाहा. राजवाड्यांच्या पत्नी तरुणपणीच वारल्या आणि त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. साने गुरुजी अविवाहित. विनोबा ब्रह्मचारी. ज्यांनी आपले सर्वस्व एकाच कार्याला वाहिले, त्यांच्यामागे जेवणाचे ताट झाकून बसणारे घरी कोणी नव्हते. त्यांच्या निवडीची किंमत त्यांनी स्वतः भरली. आपले तसे नाही. विनोबांसमोर तुरुंगात बसून गीता ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाजांसारखे प्रापंचिकही होते. अशा प्रापंचिकांचे घर त्या काळात बाहेर कोणीतरी चालवीतच होते. त्या चालविणाऱ्यांची प्रवचने कोणी लिहून घेतली नाहीत.

वारकरी पंथ हा मुळात संसारी माणसांचा पंथ. तरीही कीर्तनात तुकोबांच्या पत्नीचा उल्लेख आला की मंडपात हशा पिकतो. ती कजाग, ती भांडकुदळ. महाराज डोंगरावर चिंतनात बसत आणि ती भाकरी घेऊन डोंगर चढे, असे तेच कीर्तनकार सांगतात. पण त्या ठिकाणी कोणी हसत नाही आणि कोणी थांबतही नाही. आम्हीही कित्येक वर्षे त्या हशात सामील होतो.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगण्यापूर्वी सौभाग्यवतींची अनुज्ञा घेतली आहे.

१९८८ सालचा श्रावण. आम्ही नोकरीच्या गावी राहत होतो. देवळात अखंड हरिनाम सप्ताह बसला होता आणि रात्रीच्या वीणेचा पहारा आमच्याकडे होता. सप्ताहात वीणा खाली ठेवता येत नाही. एकाने गळ्यातून काढावी आणि दुसऱ्याने घालावी, असा नियम. तिसऱ्या रात्री आमचा थोरला मुलगा, वय वर्षे नऊ, पावसात भिजत देवळात आला आणि म्हणाला, “बाबा, आईला हुडहुडी भरली आहे, ती काहीतरीच बोलते आहे.” आम्ही हाताने ‘येतो’ अशी खूण केली. पहारा संपावयास दोन तास होते. आमच्या मनात त्या क्षणी धर्म आणि संसार यांची तुलना झाली आणि धर्माचे पारडे जड ठरले, असे आम्हास वाटले. खरे सांगावयाचे तर त्यात लौकिकही होता. गुरुजी पहारा अर्धवट टाकून गेले, असे गाव म्हणेल, ही भीती होती.

आम्ही घरी पोहोचलो तेव्हा घराला कुलूप होते. शेजारच्या दादांनी बैलगाडी जुंपून त्यांना तालुक्याला नेले होते. मलेरिया डोक्यात गेला होता. थोडा आणखी उशीर झाला असता तर आमच्या हाती काही नव्हते, असे डॉक्टरांनी सांगितले. तीन आठवड्यांनी त्या हिंडूफिरू लागल्या. त्यांनी आम्हास बोल लावला नाही. पुष्कळ दिवसांनी, भाकरी थापता थापता, एवढेच म्हणाल्या, “अहो, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घालता आली असती.”

श्रोतेहो, मंडपात त्या रात्री निदान दहा माणसे जागी होती.

हे भाषण लिहिताना त्यांना वाचून दाखविले. त्या म्हणाल्या, “सांगा, पण वीणेला दोष लावू नका.” तो आम्ही लावीत नाही. देवाने आम्हास अडविले नव्हते. शाळेच्या बाबतीतही तेच. परीक्षेच्या दिवसांत रात्रीचे वर्ग आम्ही हौसेने घेत असू आणि घरी त्या वेळी कोण जागत असे, हा प्रश्न आम्हास कधी पडला नाही. चिटणीस विचारतात, तिहींत आधी काय? आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. आपण जे आधी मानू, त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडेल आणि त्या माणसाला आपण विचारले का, एवढे त्याला जोडल्यावाचून उत्तर निघत नाही. मोठेपणाचा क्रम पोथीत लावता येतो. घरात तो रोज नव्याने लावावा लागतो आणि एकट्याने लावता येत नाही.

या ठिकाणी कोणी बहिणाबाईंचे नाव घेईल. घ्यावेच. १८८० साली असोद्यास जन्मलेली, जळगावच्या चौधरीवाड्यात सून म्हणून आलेली ही शेतकऱ्याची लेक. अक्षरओळख नाही, ऐन तिशीत वैधव्य, पदरी तीन मुले. जात्यावर बसावे, शेतात राबावे, चूल पेटवावी आणि या सगळ्यांतून ओव्या उमटाव्यात. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. वक्ते म्हणतात, पाहा, या माउलीने भक्ती, संसार आणि कष्ट यांचा कसा मेळ घातला! आम्हास हे कौतुक अर्धवट वाटते. मेळ घालावा की न घालावा, हे त्यांना कोणी विचारले होते? दोन्ही हात जात्याच्या खुंट्याला गुंतलेले. देवाचे नाव घ्यावयाचे तर ते दळता दळताच घेणे भाग. त्यांची प्रतिभा त्यांची होती, त्यांची परिस्थिती मात्र हजारो बायकांची होती. तिचे गोडवे गाऊन आपण आपली सुटका करून घेतो.

या कथेत आपणास घेण्यासारखे आहे ते दुसरेच. त्या घरात कोणी ऐकणारा होता. चिरंजीव सोपानदेवांनी आईच्या तोंडची गाणी टिपून ठेविली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. पुढे ते बाड आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. मुलाने कान दिला नसता तर ती सारी दौलत जळगावच्या मातीत मिळून गेली असती. आपल्या घरात जात्याचा आवाज आता नाही. पण आपली आई, पत्नी, सून काम करता करता काहीतरी म्हणतच असते. ते आपण ऐकतो का?

आपल्या ज्ञातीतील तरुण सुरतेस लूमवर आहेत, पुण्यास कारखान्यांत आहेत, काही संगणकावर आहेत. गावी राहिलेला भाऊ रात्री वीज येते म्हणून रात्री केळीला पाणी भरतो. कोणी कोणाला नावे ठेवू नयेत. म्हाताऱ्या आईबापांना कोणी सांभाळावे हा वाद मात्र आज घरोघर आहे, आणि तो वाद बहुधा दोन भाऊ ओसरीवर बसून करतात. सांभाळणारी आत असते. दहा हजार रुपये पाठविले म्हणजे कर्तव्य झाले, असे समजणाऱ्याला आम्ही फार दोष देत नाही. आम्हीही दोन तासांत पुण्य होते असे समजलो होतो.

मंडळास एकच सूचना. आपली मासिक सभा रविवारी सकाळी अकराला भरते. त्या वेळी स्त्रिया स्वयंपाकात असतात आणि मग अहवालात ‘भगिनींची उपस्थिती अल्प होती’ असे वाक्य दरवर्षी छापले जाते. सभेची वेळ त्यांना विचारून ठरवावी.

शेवटी कानबाईचे सांगतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या घरोघर कानबाई बसते आणि लांब गेलेली भावंडे गोळा होतात. रजा मिळो न मिळो, त्या दिवशी सुरतेची गाडी भरून येते. रोटासाठी गहू मोजतात ते माणसागणिक मुठीने. आमच्या घरी वडिलांच्या काळापासून मूठ घेतली जाई ती पुरुषांच्या नावाने. दळणाऱ्या, भाजणाऱ्या, उपवास धरणाऱ्या बायकांची मूठ त्यात नसे. गेल्या श्रावणात धाकट्या सुनेने विचारले, “बाबा, माझी मूठ कोणती?” आम्ही पुष्कळ वेळ सुपाकडे पाहत राहिलो. मग सौभाग्यवतींकडे पाहिले आणि प्रथमच त्यांना विचारले, काय करावे? त्यांनी मूठ भरली, सुनेच्या नावाने सुपात टाकली, दुसरी नातीच्या नावाने टाकली, आणि म्हणाल्या, “आता परात मोठी लागेल. शेजारून मागून आणा.” आम्ही आणली.