'एकच' या शब्दात काय काय मावतं



आज एका शब्दाबद्दल बोलणार आहे. शब्द तीन अक्षरांचा: 'एकच'. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' या नाटकाच्या नावातला. नाटक आपल्यातल्या पुष्कळजणींनी पाहिलं नसेल, पण नाव ऐकलं नाही अशी मराठी बाई सापडायची नाही. आणि उस्मानपुऱ्यात राहणाऱ्यांना तर संत एकनाथ रंगमंदिरामुळे नाटकांचे फलक येता-जाता वाचायची सवयच आहे.

शाळेत असताना मला वाटायचं, यात कळण्यासारखं काय आहे? एकच म्हणजे फक्त एक. संपलं. पण मग गडकऱ्यांनी नुसतं 'एक प्याला' का नाही म्हटलं? सगळी गंमत त्या 'च'मध्ये आहे. हा 'च' मोठा गुणी. आज आणि आजच, तू आणि तूच, यांतला फरक कुणी शिकवावा लागत नाही. आपल्या शहरातल्या दक्खनी बोलणाऱ्या शेजारणीसुद्धा 'ऐसाइच', 'अभीच' म्हणतात ना, तो 'च' मराठीच्या शेजारातूनच तिकडे गेला असं मानतात.

आता नाटकाकडे. सुधाकर हुशार वकील, गरिबीतून वर आलेला, पण मानी. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते. डोक्यातली आग विझवायला तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. इथे 'एकच'चा अर्थ आपल्या ओळखीचा: फक्त एक हो, एवढ्यानं काय होतंय! म्हणजे हा 'च' गोष्ट लहान करून दाखवतो. आईनं मुलाला 'एकच घास' म्हणावं, तसा लाडीगोडीचा.

हा 'एकच' मी माझ्या मावशीच्या घरी ऐकला आहे. काका रोज संध्याकाळी म्हणायचे, एकच घेतो. आणि सांगते, ते खोटं बोलत नव्हते. ग्लास खरंच एकच असायचा. आधी काचेचा छोटा, मग स्टीलचा पाणी प्यायचा, शेवटी ताकाचा तांब्या. आकडा वाढला नाही, भांडं वाढलं. मावशी हिशेब कशाचा मागणार?

नाटकात पुढे सुधाकर दारू सोडायचं ठरवतो. मनापासून ठरवतो. नोकरी मागायला प्रतिष्ठित लोकांच्या दारी जातो, ते त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. इथे 'एकच'चा दुसरा अर्थ लागतो. 'आमचं गाव एकच' म्हणतो तसा, म्हणजे तोच तो. पहिला काय आणि शंभरावा काय, प्याला तोच. म्हणून तर दारू सोडायची खरी वेळ पहिल्या प्याल्याच्या आधीची, असं सुधाकर स्वतःच आपल्या मित्राला, रामलालला, समजावून सांगतो. सगळं कळणारा माणूस बुडतो, हे या नाटकाचं मला सर्वांत जास्त घाबरवणारं अंग वाटतं. व्यसन अडाण्यांना लागतं असं मानणाऱ्यांनी सुधाकरचं बोलणं एकदा नीट ऐकावं.

तिसरा अर्थ मला फार उशिरा सुचला, तोही बातम्या ऐकताना. 'बाजारात एकच गोंधळ उडाला.' इथे एकच म्हणजे एक नव्हे, लहान तर मुळीच नव्हे. इथे एकच म्हणजे प्रचंड, ज्याच्यापुढे दुसरं काही ऐकू येत नाही असं. 'एकच आकांत झाला' म्हणतो ना, तसा. शेवटच्या अंकात तान्हं बाळ गेलेलं, सिंधू गेलेली, आणि सुधाकर दारूत विष कालवून घेतो, तेव्हा तो प्याला एकच असतो, या तिसऱ्या अर्थानं. फुसलावणारा शब्द तोच, आकांताचा शब्दही तोच. हिंदीत 'बस एक प्याला' म्हणून पाहा, पहिला अर्थ येतो, बाकीचे दोन वाटेत सांडतात.

गडकऱ्यांना हे नाटक रंगभूमीवर पाहायला मिळालं नाही. ते जानेवारी 1919 मध्ये गेले, वयाच्या 33व्या वर्षी. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला पहिला प्रयोग केला. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सिंधू झाले होते बालगंधर्व. भरजरी शालूंसाठी नावाजलेला हा नट सिंधूसाठी ठिगळांचं लुगडं नेसून दळायला बसला, आणि प्रेक्षक रडले.

पण मला इथे थोडं अडायचं आहे. सिंधूच्याही आयुष्यात एक 'एकच' आहे: नवरा. श्रीमंत माहेर बोलावतंय, भाऊ न्यायला तयार आहे, ती जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या बायकांना ती आदर्श म्हणून दाखवली गेली. मला तिचं दुःख कळतं, आदर्श मात्र पटत नाही. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती बोलते, फटकळ बोलते, नवऱ्याची भीड ठेवत नाही. तिच्या वाट्याला प्रेक्षकांचे अश्रू नाहीत, हशा आहे. माझी मावशी आयुष्यभर सिंधूसारखी वागली आणि आम्ही तिचं कौतुक केलं. त्या कौतुकाची आता लाज वाटते.

आणि भाषेची आणखी एक खोड बघा. एकतीस डिसेंबर आला की वर्तमानपत्रं लिहितात, 'तळीरामांवर कारवाई'. तळीराम हे विशेषनाम, पण आता पिणाऱ्या कुणाचंही गमतीचं नाव झालंय. नाटकातला तळीराम दारूपायीच मरतो, ते कुणाच्या लक्षात नाही. सुधाकर हे नाव मात्र कुणी दारुड्याला ठेवलं नाही. विनोदी माणूस भाषेनं उचलला, आपल्यासारखा दिसणारा सोडून दिला.

पुस्तक ग्रंथालयात सहज मिळतं. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक आहेत, पहिली दहा पानं कंटाळा येईल. तेव्हा सरळ गीतेचे प्रवेश काढा आणि ते मोठ्यानं वाचा, घरात कुणी ऐकत असेल तर उत्तमच.