तक्ता दाखवण्यापूर्वी

(म्हैसूर येथील कार्यकर्ता शिबिरात मराठी गटापुढे एका रेल्वे शाखा-सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल दुपारी आपण येथील रेल्वे संग्रहालय पाहून आलो. १९७९ साली सुरू झालेले हे संग्रहालय. मी मुद्दाम मागे राहून तुमच्याकडे पाहत होतो. इंजिनांपाशी तुम्ही दोन-दोन मिनिटे थांबलात, पण महाराणींच्या १८९९ सालच्या सलून डब्यापाशी गर्दी काही हलेना. स्वयंपाकाची सोय, जेवणाची सोय आणि संडाससुद्धा! तेवढ्यात आपले मिरजेचे लोको पायलट बंधू म्हणाले, "राणीसाहेबांना सव्वाशे वर्षांपूर्वी गाडीत सोय होती, आमच्या इंजिनात अजून नाही." सगळे हसले आणि मग गप्प झाले.

मला विचाराल तर या शिबिरातले आतापर्यंतचे सर्वांत चांगले भाषण तेच. पुरते अर्धे मिनिटही लागले नाही. डबा समोर उभा होता, आणि बोलणारा माणूस रोज इंजिनात बसणारा होता. हेच वाक्य मी बोललो असतो तर तुम्ही हसला असता, पण गप्प झाला नसता. माझी सारी नोकरी पार्सल ऑफिसात गेली, हे तुम्हांला ठाऊक आहे.

वक्तृत्वाच्या वर्गात तक्ते, चित्रे, पडदा हा एक धडा असतो आणि वक्त्याची विश्वासार्हता हा दुसरा. माझ्या मते हे दोन धडे नाहीत, एकच आहे. तो मी कसा शिकलो ते सांगतो. सांगताना आजही थोडी लाज वाटते.

२०१९ चा उन्हाळा. नव्या पेन्शन योजनेवर आमची गेट मीटिंग होती. मी हौसेने मोठा तक्ता रंगवून घेतला होता. कामगाराच्या पगारातून मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात, सरकारचा वाटा १० टक्के, आणि खाली लाल अक्षरांत सवाल. आवाज चढवून मी छडी त्या आकड्यावर ठेवली. मागून एक तरुण ट्रॅकमन म्हणाला, "साहेब, सरकारचे एप्रिलपासून १४ झालेत. माझ्या हिशेबात आलेत." त्याचे खरे होते. मी जुन्या परिपत्रकावरून आकडा उतरवला होता. तक्ता मोठा, अक्षर ठळक, त्यामुळे चूकही शेवटच्या माणसाला दिसली!

योजनेविरुद्धचा आमचा मुख्य मुद्दा, म्हणजे निवृत्तीनंतर हाती निश्चित रक्कम किती पडेल याची हमी नाही, तो जागच्या जागी होता. पण ऐकतो कोण? पुढची दहा मिनिटे लोक माझ्याकडे नव्हे, त्या पोराकडे पाहत होते. एक ज्येष्ठ सहकारी नंतर म्हणाले, "चूक आपल्याच बाजूची होती, रेटून न्यायची." मला ते पटले नाही. प्रशासनाच्या टेबलावर हाच आकडा गेला असता तर बाकीचे खरे आकडेही खोटे ठरले असते. पुढच्या मीटिंगला मी आधी चूक कबूल केली, आणि त्याच पोराला त्याचा हिशेब घेऊन बोलायला उभे केले. तो अडखळत बोलला, पण लोकांनी कान देऊन ऐकले.

हे काही नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे आपल्यापैकीच, रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केलेले. पुढे ते मुंबईत गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि 'दीनबंधू' चालवू लागले. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या मागण्यांचे निवेदन दिले, त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. तेव्हा कुठला पडदा, कुठला प्रोजेक्टर? सह्यांचा तो गठ्ठाच त्यांचा तक्ता. १८९० च्या एप्रिलमधल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रिया स्वतः बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. २००५ साली टपाल खात्याने लोखंड्यांचे तिकीट काढले, हे टपालबंधूंना सांगायला नकोच.

आता व्यवहाराचे. तक्त्यावर एकच गोष्ट असावी, आणि ती शेवटच्या रांगेतून वाचता यावी. सभेआधी स्वतः मागे जाऊन पाहावे, दुसऱ्यावर सोडू नये. तक्त्याकडे तोंड करून वाचू नये. तुमची पाठ ऐकायला कोणी आलेले नाही. दाखवून झाला की गुंडाळून ठेवावा. प्रोजेक्टरला माझी ना नाही, पण आपल्या सभा फाटकापाशी होतात, भर उन्हात. तेथे पडद्यावर काय दिसणार?

शक्य असेल तेथे खरी वस्तूच आणावी. कीमनच्या कामाचे वर्णन करण्यापेक्षा त्याची हातोडी, पाना, झेंड्या, धोक्याचे फटाके असे सारे सामान थैलीत भरून सभेत हातोहात फिरवावे. रोज किती मैल हे घेऊन चालायचे, ते उचलणाऱ्याचा हातच सांगतो. पोस्टमनने आपल्या बीटचा नकाशा हाताने काढावा, जुनी घरे काळ्या शाईने, नव्या इमारती लाल शाईने. मात्र तो नकाशा बीटवर चालणाऱ्यानेच दाखवावा. सेक्रेटरीने बाजूला उभे राहून कागद धरावा. एवढे काम मला आता जमते. आणि कोणाचे पगारपत्रक दाखवायचे असेल तर त्याला विचारून, नाव झाकून.

चहानंतर प्रत्येकाने आपल्या कामातली एक वस्तू घेऊन तीन मिनिटे बोलायचे आहे. मोबाईलमधला फोटो चालणार नाही. काल सगळा वेळ रेल्वेवाल्यांनी खाल्ला, म्हणून आज आधी टपालबंधू. बेळगावच्या मंडळींपैकी काहींनी याच गावातल्या टपाल प्रशिक्षण केंद्रात दिवस काढले आहेत, त्यांनी सुरुवात करावी.