पंधरा सेकंदांचा हक्क

समजा, वडाळ्यातला एखादा तरुण गिरणगावावर माहितीपट करतोय. कामगाराचं चित्रण सिनेमाने कसं केलं, हे दाखवायला त्याला जुन्या चित्रपटातला पंधरा सेकंदांचा तुकडा हवा आहे. निर्मात्याची परवानगी नाही, मग प्रसंग कापायचा का?

कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ५२ इथे मदतीला येतं. समीक्षा, संशोधन आणि चालू घडामोडींच्या वृत्तांतासाठी दुसऱ्याच्या कृतीचा न्याय्य वापर करता येतो. त्यासाठी सेकंदांची ठरावीक मर्यादा कायद्यात नाही. किती घेतलं, कशासाठी घेतलं आणि मूळ कृतीच्या बाजाराला धक्का बसतो का, हे न्यायालय पाहतं. मात्र नुसतं श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली, असं नव्हे.

अशा वापराच्या हक्कासाठी विद्यार्थीही लढले आहेत. दिल्ली विद्यापीठात पुस्तकांतल्या भागांच्या फोटोकॉपीवरून झालेल्या खटल्यात विद्यार्थ्यांची संघटना पक्षकार झाली आणि २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षणासाठीच्या प्रतींच्या बाजूने कौल दिला. कॅलिफोर्नियातल्या विधी विद्यार्थ्यांनी माहितीपटकार आणि लेखकांची बाजू अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयापुढे मांडली.

वडाळ्यातही डॉ. आंबेडकरांच्या नावाचं विधी महाविद्यालय आहे. मुंबईतल्या विधी विद्यार्थ्यांनो, आपल्या विधी साहाय्य केंद्रात लेखक आणि माहितीपटकारांनाही जागा द्या. आणि कलावंतांनो, नोटीस आली म्हणून घाबरून प्रसंग कापू नका; आधी कलम ५२ वाचा, वकिलाचा सल्ला घ्या.