पोटाचें क्ष-चित्र : कूस बदलण्यामागील शास्त्र

आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळ हें हुतात्मा बाबू गेनू यांचें गांव. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस परदेशी कापडाची मोटार अडवितांना त्यांनीं प्राण वेंचिले आणि या खेड्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. अशा गांवच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचा घास गिळतांना अडूं लागला किंवा जेवणानंतर पोटांत कळ येऊं लागली, म्हणजे तो प्रथम मंचरच्या सरकारी रुग्णालयांत जातो. पुढील तपासासाठीं पुण्यास यावें लागलें, तर त्याचा मुक्काम बहुधा शहरांतील भाच्याच्या किंवा पुतण्याच्या घरीं असतो. हातांतील चिठ्ठीवर ‘बेरियम मील’ एवढे दोनच शब्द असतात. त्यांचा अर्थ पाहुण्यास समजावून देण्याचें काम त्या सुशिक्षित घरावर येऊन पडतें.

१८९५ सालीं राँटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लाविला, तेव्हां हाडें दिसूं लागलीं. परंतु जठर व आतडीं मऊ असल्यानें त्यांची आकृति उमटेना. १८९६ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्यानें प्राण्यांच्या अन्नांत बिस्मथ मिसळून गिळण्याची क्रिया पडद्यावर पाहिली. पुढें १९१० च्या सुमारास बिस्मथची जागा बेरियम सल्फेटनें घेतली. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी आहेत. हा क्षार मात्र पाण्यांत किंवा जठराच्या आम्लांत विरघळत नाहीं. म्हणून तो अंगीं न लागतां मलावाटे बाहेर पडतो.

खडू कालविल्यासारखें हें पांढरें, दाट द्रव्य पोटांत गेलें, एवढ्यानें काम भागत नाहीं. अर्धा भरलेला तांब्या कलता केला, तर दूध खालच्या बाजूस जातें व हवा वर राहते. जठरांतही तसेंच घडतें. रोगी उभा असतां बेरियम तळाशीं उतरतो आणि हवेचा बुडबुडा डाव्या बाजूस श्वासपटलाखालीं जमतो. जठराचा वरचा फुगीर भाग पाठीकडे असतो, म्हणून रोगी उताणा निजला कीं बेरियम त्या भागांत सांचतो आणि हवा पुढच्या भागांत येते. पालथें निजल्यास याच्या उलट होतें. उजव्या कुशीवर वळल्यास बेरियम जठराच्या मुखाकडे व तेथून लहान आतड्याच्या आरंभीं वाहूं लागतो.

व्रण म्हणजे भिंतीवरचा एक खळगा. तो खालच्या बाजूस आला तर बेरियमनें भरतो व दिसतो. वरच्या बाजूस असेल तर रिकामा राहतो. उलट बेरियमचें थारोळें फार जाड झालें, तर लहानसा दोष त्याखालीं झांकून जातो. जपानी वैद्यांनीं १९५० नंतरच्या दशकांत बेरियमचा पातळ लेप व हवेचा फुगारा यांची सांगड घालून जठराच्या कर्करोगाची आरंभींची अवस्था ओळखण्याची पद्धति पूर्णत्वास नेली. तींतही लेप सर्वत्र बसावा म्हणून रोग्यास लोळण घ्यावी लागते. जी कूस बदलली नाहीं, ती भिंत अंधारांत राहिली असें समजावें.

अन्ननलिका पाहतांना अडचण निराळी असते. कण्याची छाया तिच्यावर पडते. म्हणून पालथ्या रोग्याची डावी बाजू किंचित् उचलून त्यास घोट गिळावयास सांगतात. आडव्या स्थितींत गुरुत्वाकर्षणाची मदत नसल्यानें नलिकेच्या स्नायूंची खरी शक्ति कळते. कधीं मेज कलतें करून डोकें खालीं घेतात व जठरांतील द्रव्य उलट वर येतें काय, तें पाहतात. ही स्थिति फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शस्त्रवैद्याच्या नांवानें ओळखली जाते. त्याचाच पुत्र विल्हेल्म यानें १९१६ सालीं तांबड्या चष्म्याची युक्ति सुचविली. त्या काळीं पडदा इतका मंद असे कीं, अंधारांत दिसावें म्हणून डॉक्टर आधीं वीसतीस मिनिटें तो चष्मा लावून बसत.

मोठ्या आतड्याच्या तपासणींत बेरियम गुदमार्गें देतात. त्या वेळीं डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशीं घेऊन निजावें लागतें. आगाऊ कल्पना नसली तर, विशेषतः स्त्रिया, संकोचानें अंग आखडून घेतात आणि चित्र बिघडतें.

सुशिक्षित आप्ताचें साह्य येथेंच उपयोगी पडतें. जठराच्या तपासणीपूर्वी रात्रीं बारानंतर अन्न, पाणी, चहा, तंबाखू कांहींही घेऊं नये. करगोटा, ताईत, दागिने काढून ठेवावे. स्त्री गरोदर असण्याचा संभव असल्यास तें अगोदर सांगावें. उताणें, पालथें, डावी कूस, उजवी कूस आणि श्वास रोखणें यांची रंगीत तालीम आदल्या दिवशींच सतरंजीवर करवून घ्यावी. श्वास हलला तर चित्र पुसट येतें. कंबर धरलेली असेल किंवा ऐकूं कमी येत असेल, तर तंत्रज्ञास तसें कळवावें. तपासणीनंतर पाणी भरपूर प्यावें. एकदोन दिवस मल पांढरा झाला तर भिऊं नये. आंतड्यास भोंक पडल्याचा संशय असेल, तर डॉक्टर बेरियम वर्ज्य करतात.

आतां दुर्बिणीनें जठर आंतून पाहतां येतें व बेरियमचें पुष्कळसें काम तिनें घेतलें आहे. तरी गिळण्याची क्रिया चालू असतां पाहावयाची, तर बेरियमचा उपयोग अद्याप होतो. त्या मेजावर निजलेल्या वृद्धास आपण कां वळत आहोंत हें ठाऊक असेल, तर तो नेटानें वळतो. आणि त्याच्या दुखण्याचें मूळ सांपडण्याचा संभव तितकाच वाढतो.