बर्गरमधला अननस आणि आमटीतला गूळ

बर्गरमध्ये अननसाची चकती घातली तर चालेल का? हा प्रश्न कुठल्याही घरात विचारून पाहा. आजी तोंड वाकडं करतील, नातू हसेल, आणि मधल्या पिढीतलं कुणीतरी म्हणेल, "फळ ते फळ. ते जेवणानंतर खावं, जेवणात कशाला कालवायचं?"

मला हा प्रश्न दिसतो तितका पोरकट वाटत नाही. दुसऱ्याच्या ताटात आपल्याला न पटणारं काही दिसलं की आपण कसे वागतो, हेही त्यातून कळतं. पण तिकडे नंतर वळू. आधी चवीचं बोलू.

बर्गर पुण्याला काही कालपरवा भेटलेला नाही. 'बर्गर किंग' ही अमेरिकन कंपनी भारतात आली २०१४ मध्ये. पुण्याच्या कॅम्पात त्याच नावाचं हॉटेल १९९२ पासून चालत होतं, आणि त्या नावावरून दोघांमध्ये कोर्टकचेरीही झाली. थोडक्यात, दोन पावांच्या मध्ये गरम गरम काहीतरी दाबून खाणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे.

अननस तर त्याहून कितीतरी जुना. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीत, १४९३ मध्ये, युरोपियनांची आणि त्याची गाठ पडली. पुढे पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला आणि 'अननस' हा शब्दही त्यांच्याबरोबरच आला. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त अननसाचा उल्लेख आहे. ज्या बटाट्याशिवाय आपला वडा होत नाही आणि ज्या मिरचीशिवाय ठेचा होत नाही, तीही याच वाटेनं आलेली पाहुणेमंडळी. त्यांना आपण घरातलं मानलं. अननसाला मात्र शिऱ्यात आणि केकवर बसवून ठेवलं.

परदेशातही यावरून वाद आहेतच. १९६२ हे साल त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी कॅनडात सॅम पॅनोपोलस नावाच्या, जन्मानं ग्रीक असलेल्या हॉटेलवाल्यानं गंमत म्हणून पिझ्झ्यावर डब्यातला अननस टाकला आणि तो चालला. त्याच सुमारास अमेरिकेत मॅकडोनाल्डच्या रे क्रॉक यांनी 'हुला बर्गर' काढला. कॅथलिक लोक ईस्टरच्या आधीच्या उपवासात शुक्रवारी मांस खात नाहीत, म्हणून पावात मांसाऐवजी भाजलेला अननस आणि चीज. त्याच्या स्पर्धेला सिनसिनाटीच्या एका दुकानदारानं माशाचा बर्गर ठेवला. मासा धडाधड खपला, हुला बर्गर पडून राहिला. तिकडे ऑस्ट्रेलियात मात्र बर्गरमध्ये बीट आणि अननस घालतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. २०१७ मध्ये आइसलँडचे राष्ट्राध्यक्ष शाळेतल्या मुलांना थट्टेनं म्हणाले, की जमलं तर मी पिझ्झ्यावरच्या अननसावर बंदी घालीन. त्यावर जगभर इतका गलका झाला, की तसा अधिकार मला नाही आणि नाही तेच बरं, असा खुलासा त्यांना करावा लागला!

आता आपल्या गावात या. कुठल्याही कॉलेजबाहेर संध्याकाळी दाबेलीची गाडी लागलेली असते. गाडीवाला पाव मधोमध कापतो, आत चिंचेची गोड चटणी आणि लसणाची लाल चटणी लावतो, बटाट्याचा मसालेदार लगदा भरतो, मसाल्याचे शेंगदाणे, कांदा आणि वर मूठभर डाळिंबाचे दाणे घालतो. कुणी द्राक्षंही घालतात. मग पाव लोण्यावर भाजून, कडेनं शेव लावून तो आपल्या हातात देतो. कच्छमधल्या मांडवीची ही दाबेली आपण वर्षानुवर्षं खातो आहोत. ती फळ घातलेला बर्गर नाही तर दुसरं काय आहे? एखाद्या दिवशी डाळिंबाचे दाणे कमी पडले, तर आपणच गाडीवाल्याकडे तक्रार करतो.

आणि दाबेलीपर्यंत तरी कशाला जायचं? आपल्या ताटात फळ कुठे नाही? आमटीतली चिंच, सोलकढीतलं कोकम, चैत्रातल्या आंबेडाळीतली कैरी, मेथांबा, हिरवी मिरची घातलेली केळ्याची कोशिंबीर, कच्च्या फणसाची भाजी. गोव्यात तर पिकलेल्या आंब्याचं किंवा अननसाचं सासव करतात. ओलं खोबरं, मोहरी, लाल मिरची आणि गूळ यांच्या वाटणात शिजलेलं फळ भाताबरोबर जेवतात. कबाब करणारे मटण मऊ पडावं म्हणून त्याला कच्ची पपई चोळतात. बर्गरमधला टोमॅटोसुद्धा वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं फळच. १८९३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापुढे हा वाद गेला होता, कारण भाजीवर आयात कर होता आणि फळावर नव्हता. कोर्टानं निकाल दिला, की लोक टोमॅटो जेवणात वापरतात, गोड पदार्थ म्हणून खात नाहीत, तेव्हा व्यवहारात तो भाजी. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. वस्तू कुठल्या जातकुळीची आहे यापेक्षा ती ताटात काय काम करते, हे कोर्टानं पाहिलं.

तीच कसोटी अननसाला लावू. चिंच आणि गूळ घालताना आपण काय साधतो? तिखटाला आंबटाचा उतारा आणि आंबटाला गोडाचा आधार. अननसात हे दोन्ही एकाच जागी आहेत. तेव्हा बर्गरमधली टिक्की तिखट, मसालेदार असेल तर अननस तिथे आमटीतल्या चिंचगुळाचं काम करू शकतो. अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे मिळणारा बर्गरचा पाव बहुधा गोडसर, त्यात केचप गोड, मेयोनेजही गोडसर. यावर साखरेच्या पाकातल्या, डब्यातल्या अननसाची चकती ठेवली तर ते पक्वान्न होतं. मग लोक म्हणतात, अननसानं बिघडवलं. बिचाऱ्या अननसाच्या आधीच तिथे तीन गोड मंडळी बसलेली असतात!

मी घरी करून पाहते ते असं. ताज्या अननसाची बोटभर जाडीची चकती घ्यायची, मधला कडक दांडा काढायचा. तिला मीठ आणि लाल तिखट लावून तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजायची. पाणी आटतं, म्हणून पाव भिजत नाही. साखर जराशी जळून खमंग होते. शिवाय कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एक द्रव्य असतं, ते प्रथिनं तोडतं. जास्त अननस खाल्ला की जीभ चुरचुरते ती बऱ्याच अंशी त्यामुळेच. दह्यात कच्चा अननस घालून ठेवला तर रायतं कडवट होतं तेही त्याच्यामुळे. भाजल्यावर किंवा शिजवल्यावर त्याचा जोर संपतो. लग्नाच्या जेवणातल्या रायत्यासाठी आचारी अननस आधी शिजवून घेतात किंवा डब्यातला वापरतात, त्यामागे हेच कारण आहे. चकती ठेवली की केचपला रजा द्यायची आणि हिरवी चटणी लावायची. हा नियम सोपा आहे: फळ आत आलं की दुसरं एखादं गोड बाहेर गेलं पाहिजे.

या नियमानं बाकीच्या फळांचाही निवाडा होतो. कैरीचे पातळ काप बर्गरमध्ये झकास. डाळिंबाची परीक्षा दाबेलीनं घेतलेलीच आहे. पुरंदरच्या अंजिराची चटणी मिरची घालून केली तर चीजबरोबर छान जमते. चिकू, पिकलं केळं आणि सीताफळ यांना मात्र मी आत घेणार नाही. त्यांच्यात आंबटपणा नावालाही नाही, आणि पावात ती नुसती लिबलिबीत होतात.

हे झालं चवीचं. आता सुरुवातीला म्हटलं होतं त्याकडे वळते.

माझ्या ओळखीच्या एक बाई विद्यार्थ्यांची मेस चालवतात. एका सणाला खीर होती. केरळहून आलेल्या एका मुलानं पानातल्या खिरीत पापड चुरला, वर केळं कुस्करलं आणि हातानं कालवून खायला लागला. त्यांच्याकडे सणाच्या जेवणात पायसम असंच खातात. टेबलावरची मुलं खो खो हसली. कुणी मोबाइलवर फोटो काढला. त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा डबा भरून खोलीवर न्यायला लागला. बाईंनी कुणाला काही सुनावलं नाही. पुढच्या खेपेला खीर झाली, तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या पानात एक केळं आणि एक पापड जास्त वाढला आणि त्या मुलाला म्हणाल्या, "कसं कालवायचं ते दाखव रे यांना." त्यानं दाखवलं. दोघांना आवडलं, बाकीच्यांना नाही. पण तो परत टेबलावर जेवायला लागला.

पुण्याच्या माणसांना तर हे समजायला अवघड जाऊ नये. आमटीत गूळ घालतो म्हणून कोल्हापूरची मंडळी आपल्याला किती हसतात! शिकरणीवरून तर विनोदांची कमी नाही. आपण तरी गूळ सोडलाय का? आपल्याला ठाऊक असतं, की तो गूळ गोडासाठी नसतो, चव जुळावी म्हणून असतो. हसणाऱ्यानं एक घास खाऊन पाहावा, एवढीच आपली अपेक्षा असते.

तेवढी संधी दुसऱ्याच्या ताटालाही द्यावी. घास घेऊन नाही आवडलं तर खुशाल नको म्हणावं. अननस घातलेला बर्गर सगळ्यांना आवडावा असा माझा मुळीच आग्रह नाही. तो खाणाऱ्याला मात्र आपल्याबरोबर बसून खाता यावा.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)