भ्रूणांचे शीतरक्षण : दोन पद्धतींची तुलना

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या प्रसंगी आम्ही निवडलेला विषय काहींना अस्थानी वाटण्याचा संभव आहे. परंतु आपल्यापैकी काही घरांत पाळणा हलण्यास विलंब होतो आणि ते दुःख माजघरातच कोंडून राहते, ही गोष्ट कोणास अज्ञात नाही. अशी जोडपी टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी जातात, तेव्हा त्यांच्यापुढे सहीसाठी एक कागद येतो. उरलेले भ्रूण गोठवून ठेवावयाचे काय, आणि किती काळ? या प्रश्नाचे उत्तर संकोचाने वा घाईने दिले जाऊ नये, एवढ्याचसाठी आम्ही आज उभे आहोत.

भ्रूण उरतात कसे, हे प्रथम सांगितले पाहिजे. स्त्रीच्या देहात महिन्याला बहुधा एकच बीज पक्व होते. उपचारात इंजेक्शने देऊन एकाच वेळी अनेक बीजे मिळवितात व त्यांपासून प्रयोगशाळेत भ्रूण तयार करतात. ते सगळेच गर्भाशयात ठेवले, तर जुळी-तिळी होऊन माता व बालके दोघांच्याही जिवास धोका संभवतो. म्हणून एक, फार तर दोन भ्रूण ठेवून बाकीचे जतन करणे हा सुज्ञ मार्ग होय. पहिला प्रयत्न फसला, तरी त्या माउलीला पुन्हा सर्व इंजेक्शनांतून व बीजे काढण्याच्या शस्त्रक्रियेतून जावे लागत नाही.

आता गोठविण्यातील अडचण पाहू. पेशीत पाणी असते. पाण्याचे बर्फ झाले की त्याचे टोकदार स्फटिक पेशीचे पापुद्रे फाडतात. बर्फात गोठलेला टोमॅटो बाहेर काढल्यावर लिबलिबीत होतो, त्याचे कारण हेच. 1949 साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ व पार्क्स या त्रयीने ग्लिसरीनच्या साहाय्याने कोंबड्याचे शुक्रजंतू गोठवून जिवंत राखले आणि संरक्षक द्रवाचे तत्त्व हाती आले. 1972 मध्ये उंदराचे भ्रूण उणे 196 अंश सेल्सिअसला गोठवून त्यांपासून पिल्ले जन्मास आली.

मानवी भ्रूणाच्या बाबतीत आपल्या देशाचे नाव आदराने घेतले पाहिजे. कलकत्त्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने 3 ऑक्टोबर 1978 रोजी एक कन्या जन्मली. तो भ्रूण आपण 53 दिवस गोठवून ठेवला होता, असे त्यांनी नमूद केले होते. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. उपेक्षेने खचून 1981 साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे 1986 मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांस यश आले. त्याच आनंद कुमारांनी 1997 साली मुखोपाध्यायांची टिपणे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. स्वतःकडे आलेला मान दुसऱ्याच्या हाती देण्याचा हा थोरपणा विरळाच! गोठविलेल्या भ्रूणापासून झालेला जन्म म्हणून जगाने प्रथम मान्य केला तो मात्र 1984 चा, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथला.

आता दोन पद्धतींकडे वळू. आपल्या भगिनींना त्या स्वयंपाकघरातूनच कळतील. साखरेचा पाक संथपणे निवू दिला की दोऱ्यावर खडीसाखरेचे खडे धरतात. तोच कडक पाक पाटावर ओतून झटपट थंड केला की चिक्कीचा काचेसारखा थर होतो. त्यात खडा म्हणून धरत नाही.

जुन्या, मंद पद्धतीत यंत्राच्या साहाय्याने भ्रूण मिनिटाला सुमारे 0.3 अंश इतक्या सावकाशीने थंड करतात. बर्फ प्रथम भोवतालच्या द्रवात धरतो, पेशीतील पाणी हळूहळू बाहेर पडते, आणि सुमारे उणे 30 अंशांनंतर भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये जातो. या कामास दीड-दोन तास व महागडे यंत्र लागते. आणि एवढे करूनही थोडाफार बर्फ पेशीत धरतोच.

नव्या पद्धतीस व्हिट्रिफिकेशन, म्हणजे काचीभवन, म्हणतात. 1985 साली रॉल व फाही यांनी उंदराच्या भ्रूणांवर ती सिद्ध केली. जपानच्या कुवायामा यांनी 2005 च्या सुमारास तिला आजचे सुटसुटीत रूप दिले. दाट संरक्षक द्रवात काही मिनिटे ठेवून, पातळ पट्टीवरील सूक्ष्म थेंबासह भ्रूण एकदम द्रव नायट्रोजनमध्ये बुडवितात. मिनिटाला वीस हजार अंशांहून अधिक वेगाने तो थंड होतो. बर्फ धरण्यास अवसरच मिळत नाही. सर्व काही काचेसारखे घट्ट होते.

फळ काय? मंद पद्धतीत शंभरांपैकी साठ ते ऐंशी भ्रूण वाचत. शिवाय निम्म्या पेशी शाबूत राहिल्या तरी भ्रूण वाचला असे मानीत. काचीभवनात चांगल्या प्रयोगशाळेत नव्वदांहून अधिक वाचतात, आणि तेही बहुधा अखंड. म्हणून आज बहुतेक ठिकाणी हीच पद्धत रूढ आहे. मात्र जेथे पूर्वी यंत्र राबे, तेथे आता माणसाचा हात राबतो. दाट द्रव विषारीही असतो. काही क्षणांची दिरंगाई घातक ठरते. त्यामुळे पद्धतीइतकेच हाताचे कसब महत्त्वाचे.

तथापि जुनी पद्धत टाकाऊ होती, असे कोणी समजू नये. 1992 साली गोठविलेल्या भ्रूणांपासून 2022 साली अमेरिकेत जुळी बालके जन्मली. उलट, सगळेच भ्रूण गोठवून पुढे वापरणे प्रत्येकीला हितकर असते, असेही नाही. 2018 मध्ये चीन व व्हिएतनाममधील दोन मोठ्या चाचण्यांत, बीजकोशाचा पीसीओएस हा विकार नसलेल्या स्त्रियांना त्यापासून अपत्यप्राप्तीत अधिक लाभ झाल्याचे दिसले नाही. इंजेक्शनांनी बीजकोश अतिशय सुजण्याचा धोका जिला आहे, तिला मात्र ते उपकारक ठरते. तसेच गोठविताना स्त्रीचे वय काय होते, यावर यशाचा मोठा भाग अवलंबून असतो; गोठविल्याने बीजाचे गेलेले वय परत येत नाही.

म्हणून सही करण्यापूर्वी जोडप्याने निर्भयपणे विचारावे : पद्धत कोणती? आमच्या वयाच्या स्त्रियांत शंभर भ्रूण वितळविल्यावर किती वाचले, आणि किती बालके घरी गेली? टाकीतील नायट्रोजन उतरला तर इशारा देण्याची सोय काय? मार्च 2018 मध्ये अमेरिकेत ओहायो व कॅलिफोर्नियातील टाक्या बिघडून हजारो बीजे व भ्रूण संकटात आले, हे ध्यानात असावे. वर्षाचे शुल्क किती, हेही लेखी घ्यावे.

कायदाही जाणून घ्यावा. आपल्याकडील 2021 च्या कायद्यान्वये भ्रूण दहा वर्षांहून अधिक काळ ठेवता येत नाहीत. भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वी जोडप्यास संमती मागे घेता येते. भ्रूणांची विक्री व मुलगा-मुलगी अशी निवड यांस सक्त मनाई आहे.

वडीलधाऱ्यांस आमची एकच प्रार्थना आहे. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. तेव्हा दोष सुनेच्या पदरी बांधणे हा अन्याय होय. त्या टाकीत राहते ती आशा, वचन नव्हे. ती किती काळ जपावी आणि केव्हा सोडावी, हे त्या दोघांनी ठरवावे. आपण पाठीशी उभे राहावे, पैशाने जमेल तसे आणि शब्दाने नेहमीच.